पाणी सोडण्याच्या वेळा

ही घे चावी.
टोक झिजलंय, सरळ बसत नाही,
जरा अंगाला घेऊन धर आणि मग जोर लाव.
मंगळवार पेठेचा व्हॉल्व्ह पहाटे पावणेपाचला,
साडेअकरा आटे.
बारावा देऊ नकोस.
बारावा दिला की वरची आळी कोरडी राहते,
नाही दिला की ढोल्या गणपतीकडची देवधरीण
पदर खोचून रस्त्यात येते.

रजिस्टरला माझं नाव हसन शिकलगार, वर्ग चार.
आमच्या लोकांना इथं आणलं
ते तलवारींना पाणी द्यायला.
म्हणजे काम तेच.

तेव्हा गाव नव्हतंच म्हणतात.
वर किल्ला, आणि किल्ल्यावर तहान.
गादी खाली उतरली तशी तिच्यामागं
सराफ उतरले, तांबट, अत्तरवाले, कारकुनांची अख्खी पलटण,
आणि पेठा वसत गेल्या सोमवार, मंगळवार करत.
आठवडा पुरला नाही,
मग माणसांची नावं द्यायला लागले.

एवढ्यांना प्यायला काय?
यवतेश्वराच्या डोंगरातून खापरी नळ आणला,
हातभर एकेक नळी, चुन्यानं सांधलेली.
परवा केबलवाल्यांनी रस्ता उकरला तेव्हा निघाली एक.
आत बोटभर गाळ
आणि एक खेकडा, जिवंत,
आमच्याकडं बघत होता, आम्हीच अतिक्रमण केल्यासारखा.

तळ्याच्या वरच्या अंगाला दगडी खांब आहे,
बाया त्याला शेंदूर लावतात.
देव नाही तो. उसासा आहे.
पाण्याला वाटेत कुठंतरी श्वास सोडावा लागतो,
नाहीतर नळ फुटतो.
कुणाला सांगू नकोस. लावू दे शेंदूर.

तुला शाळेत इतिहास वेगळा शिकवला असेल.
मला तो दाबावरून कळला.
टाकी इथंच होती, वर, काठोकाठ.
शिक्का इथला, वस्त्रं इथूनच जायची.
पण खालच्या अंगाला, पुण्यात,
कुणीतरी मोटर लावली.
झालं.
इथल्या तोटीला नुसती हवा.
चौघडा मात्र वेळेवर वाजायचा.

पुढं एका वर्षी गादीला पोर नव्हतं.
साहेबाचा कागद आला.
राज्य बंद करायला साडेअकरा आटे लागले नाहीत,
एकच लागला.

आणि गंमत सांगू?
दुसऱ्या दिवशी हौद तसाच भरला.
घागरी तशाच बुडल्या.
कोण गेलं, कोण आलं, पाण्याला कुणी कळवलं नव्हतं.
माणसं मात्र हळूहळू ओसरली.
आधी अत्तरवाले, मग हत्तींचे माहूत,
मग आमचे. तलवारी गोदामात गेल्यावर
आज्याच्या आज्यानं अडकित्त्यांना धार लावली,
विळ्यांना, न्हाव्यांच्या वस्तऱ्यांना.

आता राजवाडा म्हणजे बसचा थांबा.
कंडक्टर ओरडतो, राजवाडा, राजवाडा,
आणि मेथीच्या पिशव्या उतरतात.
पेन्शनरांचं गाव म्हणतात ह्याला.
उद्यापासून त्यात मी एक.

बाकी सगळं वहीत आहे.
एक वहीत नाही ते ऐक:
शनिवारातला चौथा व्हॉल्व्ह उलटा बसवलाय,
बंद करशील तर उघडतो.
साहेबांना तीनदा लिहून दिलं.
तू लिहू नकोस, लक्षात ठेव.

चल, पावणेपाच झाले.
मोठ्यानं मोज.
नऊ. दहा. अकरा. अर्धा. बास.
घाबरू नकोस, आधी हवाच येते,
खोकल्यासारखी.

देवधरीण विचारेल, शिकलगार कुठं गेला.
सांग काहीतरी.
आणि दिवाळीच्या पहाटे, साहेब झोपेत असताना,
दे तिला तो बारावा.